सनदा, साक्षीदार आणि स्टुअर्ट घराणे

स्कॉटलंडच्या गादीवर 1371 साली बसलेल्या आणि 1603 नंतर इंग्लंडवरही राज्य केलेल्या स्टुअर्ट घराण्याला दोन मूळपुरुष आहेत, एक नाटकातला आणि एक कागदपत्रांतला. नाटकातला बँको. शेक्सपिअरने 'मॅकबेथ' लिहिले ते 1606च्या सुमारास. त्या वेळी लंडनच्या सिंहासनावर स्टुअर्ट जेम्स होता, आणि चेटकिणींच्या तोंडून बँकोला राजांचा पूर्वज ठरवताना नाटककाराने दरबाराची मर्जीही राखली. कथा त्याची स्वतःची नव्हे. हेक्टर बोएसने 1527 साली पॅरिसमध्ये छापलेल्या लॅटिन इतिहासात ती तपशीलवार येते: बँकोचा मुलगा फ्लीअन्स वेल्समध्ये पळून जातो, तिथल्या राजकन्येपासून त्याला वॉल्टर नावाचा मुलगा होतो, आणि हा वॉल्टर स्कॉटलंडला येऊन राजगृहाचा मुख्य कारभारी, म्हणजे स्ट्यूअर्ड, बनतो. बँको आणि फ्लीअन्स यांची नावे त्यांच्या काळातल्या एकाही कागदात सापडत नाहीत. वॉल्टर मात्र पुष्कळदा सापडतो. बाराव्या शतकातल्या सनदांत तो ॲलनचा मुलगा, राजाचा कारभारी असा येतो. कधी जमीन घेताना, कधी मठाला देताना, बऱ्याचदा दुसऱ्याच्या व्यवहाराला साक्ष घालताना. त्याचा बाप ॲलन होता हे सांगण्यासाठी यातली एकही सनद लिहिलेली नाही. या पुस्तकाचा सारा युक्तिवाद त्यावरच उभा आहे. वंश सांगण्याच्या हेतूने जे लिहिले जाते त्यात कोणाचा तरी मान, हक्क किंवा स्वार्थ गुंतलेला असतो. शेताच्या, कुरणाच्या, पाणचक्कीच्या व्यवहारात बाप, भाऊ, बायको यांची नावे ओघात येऊन जातात, आणि ओघात आलेल्या नावात लबाडी करण्याचे सहसा कोणाला कारण नसते. म्हणून मध्ययुगीन स्कॉटिश घराण्याची वंशावळ लावायची तर जुन्या वंशावळींपेक्षा सनदांवर भिस्त ठेवावी, असे माझे म्हणणे आहे. त्यातला 'सहसा' नेमका कुठे लागू पडत नाही, याचा हिशेब पुढे द्यावा लागणारच आहे.

सनद म्हणजे इथे काय, ते आधी पाहू. चर्मपत्राचा एक लहानसा तुकडा, एकाच बाजूने लिहिलेला, भाषा लॅटिन, खाली मेणाची मुद्रा लोंबणारी. आरंभी देणाऱ्याचे नाव आणि अभिवादन. मग काय दिले, कोणाला दिले, चतुःसीमा कोणत्या. बदल्यात चाकरी किती किंवा खंड किती. मठाला दिले असेल तर कोणाच्या आत्म्याच्या कल्याणासाठी. आणि शेवटी साक्षीदार. उपलब्ध स्कॉटिश राजसनदांतली सर्वांत जुनी 1094ची आहे, दुसऱ्या डंकनने डरॅमच्या भिक्षूंना दिलेली. पहिला डेव्हिड 1124 साली गादीवर आला आणि त्याच्या कारकिर्दीत ही पद्धत देशात मुरली. रॉबर्ट द ब्रूसला ॲनन्डेलचे खोरे दिल्याची प्रसिद्ध सनद त्याच्या अगदी सुरुवातीच्या काळातली. वंशशोधकाला यातल्या दोन जागा विशेष कामाच्या. आत्म्यासाठीच्या कलमात माणूस आईबापांची, गेलेल्या मुलांची, कधी आधीच्या बायकोचीही आठवण काढतो. स्ट्रॅथर्नचा अर्ल गिल्बर्ट आणि त्याची पत्नी मटिल्डा यांनी 1200 साली इंचॅफ्रे इथे मठ स्थापन केला, त्या सनदेत त्यांचा थोरला मुलगा गिलक्राइस्ट तिथे पुरला असल्याचा उल्लेख आहे. अर्लपद पुढे धाकट्या रॉबर्टकडे गेले, त्यामुळे नुसती पदाची परंपरा पाहणाऱ्याला गिलक्राइस्टचा पत्ताही लागला नसता. दुसरी जागा साक्षीदारांची. त्यांच्या यादीत मानाचा क्रम असतो: आधी बिशप आणि मठाधिपती, मग अर्ल, राजाचे अधिकारी, लहान जमीनदार, शेवटी कारकून. घरचा मुलगा प्रथम बापाच्या सनदेत साक्षीदार म्हणून दिसतो, काही वर्षांनी वारस म्हणून संमती देताना दिसतो, आणि मग एका सनदेत देणाऱ्याच्या जागी त्याचेच नाव येते. या दोन सनदांच्या मधे कुठेतरी बापाचा मृत्यू झालेला असतो.

मधे म्हणजे नेमका कधी, हा या अभ्यासातला सर्वांत चिवट प्रश्न आहे, कारण सुरुवातीच्या सनदांवर तारीखच नसते. स्कॉटिश राजसनदांवर दिवस आणि महिना नियमाने येऊ लागतात 1195पासून, आणि राज्यवर्ष येते ते 1222पासून. त्याआधीच्या कागदाचा काळ साक्षीदारांवरून बांधावा लागतो. ग्लासगोचा बिशप इंग्रॅम साक्षीला असेल तर सनद 1164 ते 1174 यांमधली. त्याचा उत्तराधिकारी जॉसलिन असेल तर त्यानंतरची, पण 1199च्या अलीकडे नाही. राजा विल्यमच्या नावापुढे 'ईश्वरकृपेने' हे शब्द असतील तर सनद साधारण 1174 नंतरची, कारण त्या सुमारास राजाच्या लेखनिकांनी ते लिहायला सुरुवात केली. अक्षरवळण, मुद्रेचा ठसा, एखाद्या साक्षीदाराचे बदललेले पद, अशा बारीक खुणांनी दहा-पंधरा वर्षांचा पल्ला पाच-सहा वर्षांवर आणता येतो. नवख्या वाचकाला हे किचकट वाटेल, पण ॲलनचा मुलगा वॉल्टर आणि त्याच्या नातवाचा काळ यांत गल्लत होऊ नये म्हणून दुसरा उपाय नाही. नातवाचे नावही वॉल्टर, आणि त्याच्याही बापाचे नाव ॲलन. स्टुअर्टांच्या पहिल्या चार पिढ्यांत वॉल्टर, ॲलन, वॉल्टर, अलेक्झांडर अशी नावे आहेत. आडनाव अजून जन्मायचे आहे. पद वंशपरंपरेने घरात राहिले, आणि पदाचेच पुढे आडनाव झाले.

या कागदांपैकी किती उरले, याची कहाणी फारशी सुखाची नाही. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने 1296च्या स्वारीत स्कॉटिश दफ्तर ताब्यात घेतले. क्रॉमवेलच्या काळात दफ्तर पुन्हा लंडनला गेले, आणि 1660 साली पिंपांत भरून परत येत असताना त्यातला मोठा भाग 'एलिझाबेथ' या जहाजाबरोबर समुद्रात बुडाला. त्याच्या शंभर वर्षे आधी, 1560च्या दशकात, धर्मसुधारणेने मठ मोडले होते. तरी आज जे हाती आहे त्यातले पुष्कळ मठांमुळेच हाती आहे, कारण भिक्षूंनी आपल्याला मिळालेल्या सनदांच्या नकला जाड वह्यांत उतरवून ठेवल्या आणि मठांच्या जमिनी ज्यांना मिळाल्या त्यांनी हक्काचा पुरावा म्हणून त्या वह्या जपल्या. मेलरोझच्या मठाच्या बाबतीत तर मूळ सनदाही मोठ्या संख्येने टिकल्या. याचा अर्थ असा की आपल्याला दिसणारे उमराव मुख्यतः मठांना देणारे उमराव आहेत. जो दान करीत नव्हता, किंवा ज्याने दिलेल्या मठाची वही जळली, तो या अभ्यासात अंधारात राहतो. पुस्तकभर हा कल ध्यानात ठेवावा लागतो.

सनदांना पुरावा मानण्याची रीत स्कॉटलंडात सरळ मार्गाने आली नाही. तिचा पहिला मोठा प्रसंग घडला पॅरिसमध्ये, आणि तोही एका वादात. स्टुअर्टांचा पहिला राजा दुसरा रॉबर्ट याला एलिझाबेथ म्यूरपासून झालेली मुले औरस की अनौरस, हा तो वाद. बोएसने लिहिले होते की रॉबर्टने आधी युफीमिया रॉसशी लग्न केले आणि ती वारल्यावर एलिझाबेथशी. जॉर्ज बुकॅननने तेच उचलले. हे खरे असेल तर तिसऱ्या रॉबर्टपासूनची सगळी स्टुअर्ट गादीच लग्नाआधीच्या मुलाची ठरते. ग्लासगोच्या कॅथीड्रलचे दफ्तर आर्चबिशप जेम्स बीटनने 1560 साली फ्रान्सला नेले होते. त्यात एक सनद निघाली, 1364ची. निषिद्ध नात्यातल्या विवाहाला पोपने परवानगी दिली तेव्हा घातलेली अट पुरी करण्यासाठी रॉबर्टने ग्लासगोत एका पुरोहिताची नेमणूक केली, त्याचे ते कागद, आणि त्यात एलिझाबेथचा उल्लेख दिवंगत म्हणून आहे. युफीमियाशी लग्न झाले 1355 साली, आणि ती पुढे बरीच वर्षे जगली. म्हणजे बोएसचा क्रम उलटा. पॅरिसच्या स्कॉट्स कॉलेजचे प्रमुख लुईस इनेस यांनी सनद 1694 साली तज्ज्ञांपुढे ठेवली आणि पुढच्या वर्षी छापली. तपासणाऱ्यांत झाँ माबियों होता. सनदांच्या खरेखोटेपणाची परीक्षा शास्त्रशुद्ध कशी करावी याचा पाया ज्याने 1681च्या ग्रंथात घातला, तोच हा माबियों.

या प्रसंगात माझ्या युक्तिवादाची अडचणही आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. सनद छापणारे लोक पदच्युत स्टुअर्ट राजाच्या बाजूचे होते. राजा जेम्स तेव्हा पॅरिसजवळच निर्वासित दरबार मांडून बसला होता. आणि 1364चा रॉबर्ट तरी कुठे निर्हेतुक होता? निपुत्रिक राजा दुसरा डेव्हिड याचा तो वारस होता, आधल्याच वर्षी त्याने राजाविरुद्ध बंड करून पाहिले होते, आणि आपली मुले औरस आहेत हे कुठेतरी नोंदले जावे अशी इच्छा त्याला असणे साहजिक होते. मग ही सनद विश्वासार्ह का मानायची? एकटी असती तर मी ती हातचे राखूनच मानली असती. पण पोप सहाव्या क्लेमेंटची 1347ची परवानगी अठराव्या शतकाच्या अखेरीस व्हॅटिकनच्या दफ्तरात सापडली आणि अँड्र्यू स्टुअर्टने 1798 साली आपल्या ग्रंथात तिचा उपयोग केला. ग्लासगोचा कागद आणि पोपच्या कारकुनांची नोंद, दोन्ही वेगळ्या हातांनी, वेगळ्या देशांत, वेगळ्या कामासाठी लिहिलेले. दोन्ही एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. त्याबरोबर ती परवानगी एक नको असलेली गोष्टही सांगते: लग्नाला मान्यता मिळण्याआधीच या जोडप्याला मुले झालेली होती. पक्षपात करायला बसलेल्याने एवढे उघडे बोलणे टाळले असते.

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत या रीतीला हळूहळू शिस्त आली. लॉर्ड हेल्स यांनी 1770च्या दशकात स्कॉटलंडचा कालक्रम लिहिताना बँकोच्या कथेवर शंका घेतली. जॉर्ज चामर्स यांनी 1807 साली 'कॅलेडोनिया'च्या पहिल्या खंडात वॉल्टर हा श्रॉपशरच्या विल्यम फिट्झॲलनचा भाऊ असल्याचे दाखवले, आणि खरे तर बँको तिथेच संपायला हवा होता. मग आले छापखान्याचे युग. वॉल्टर स्कॉटने 1823 साली एडिनबरोत बॅनटाईन क्लब काढला, पाच वर्षांनी ग्लासगोत मेटलँड क्लब निघाला, आणि मठांच्या वह्या एकामागून एक छापून येऊ लागल्या. कॉस्मो इनेस यांनी 1832 साली पेझलीची वही काढली, 1837 साली मेलरोझची. स्टुअर्टांच्या अभ्यासाला या दोन वह्यांशिवाय पाय नाहीत. शतकाच्या उत्तरार्धात विल्यम फ्रेझर यांनी एकेका घराण्याच्या पैशाने त्या त्या घराण्याचे भरघोस ग्रंथ तयार केले, डग्लस, लेनॉक्स, मेंटीथ, सदरलँड. त्यातल्या कथनाला खुशामतीचा वास येतो हे खरे. पण त्याच ग्रंथांत मूळ सनदा अक्षरशः छापलेल्या असतात, आणि वाचकाने कथन बाजूला ठेवून पाठीमागचा सनदांचा भाग उघडावा. फ्रेझर यांच्याच देणगीतून 1901 साली एडिनबरो विद्यापीठात स्कॉटिश इतिहास आणि प्राचीन लिपी या विषयांचे अध्यासन सुरू झाले.

त्याच वर्षी होरेस राउंड या इंग्रज अभ्यासकाने स्टुअर्टांच्या मुळाचा प्रश्न निकालात काढला. राउंडच्या लेखणीला विष होते, आणि खोट्या वंशावळी फोडताना त्याला जो आनंद होई तो लपत नसे. चामर्सनंतर अर्धशतकाने आर. डब्ल्यू. आयटन यांनी श्रॉपशरचा इतिहास लिहिताना बँको पुन्हा जिवंत केला होता: ॲलनच्या बापाचे नाव फ्लाल्ड, ते फ्लीअन्ससारखे ऐकू येते, तेव्हा दोघे एकच. राउंडने हे नावांच्या सारखेपणावर सोडले नाही. लवार नदीकाठच्या सोम्यूर इथल्या सेंट फ्लोरेंट मठाच्या सनदांत त्याला ब्रिटनीतल्या डोल गावचे कारभाऱ्यांचे घराणे सापडले, आणि त्यात फ्लाल्ड नावाचा माणूस. हाच फ्लाल्ड 1101 किंवा 1102 साली वेल्सच्या सीमेवरच्या मन्मथ इथल्या मठाच्या प्रतिष्ठापनेला हजर होता, आणि मन्मथचा मठ सेंट फ्लोरेंटचीच शाखा. ब्रिटनी आणि वेल्सची सीमा यांना जोडणारा धागा असा एका मठाच्या दफ्तरात निघाला. फ्लाल्डचा मुलगा ॲलन पहिल्या हेन्रीच्या कृपेने श्रॉपशरमध्ये स्थिरावला. ब्रिटनीची आणि श्रॉपशरची वाटणी वॉल्टरच्या भावांकडे गेली, आणि वॉल्टरने डेव्हिड राजाबरोबर उत्तरेत नशीब काढले. त्याने 1163च्या सुमारास पेझलीचा मठ स्थापन केला तेव्हा पहिले भिक्षू आणले ते श्रॉपशरमधल्या वेनलॉकहून. घरची ओढ अशी कागदावर उमटते. हे नाते दोनशे वर्षांनीही कोणाच्या तरी लक्षात होते, कारण 1330च्या दशकात विल्यमच्या शाखेतल्या अरंडेलच्या अर्लने स्कॉटलंडच्या स्ट्यूअर्डपदावरचा आपला 'हक्क' तिसऱ्या एडवर्डला चक्क विकला. जे कधी त्याचे नव्हते ते त्याने विकले, पण नात्याची आठवण बरोबर होती.

विसाव्या शतकात केंद्र घराण्यांवरून समाजाकडे सरकले. जेम्स बालफोर पॉल यांच्या संपादनाखाली 1904 ते 1914 या काळात 'स्कॉट्स पीअरेज'चे नऊ खंड निघाले, आणि आजही कोणत्याही घराण्याचा शोध तिथून सुरू होतो. अर्थात तिथे संपू नये. आर्चिबाल्ड लॉरी यांनी 1153पूर्वीच्या सनदा 1905 साली एकत्र छापल्या. खरी उडी मारली जेफ्री बॅरो यांनी. त्यांनी 1960 साली चौथ्या माल्कमच्या आणि 1971 साली विल्यमच्या राजसनदांचे खंड काढले, त्यांतली प्रत्येक सनद तपासून, काळ बांधून. स्कॉटलंडात आलेली नॉर्मन, ब्रेटन आणि फ्लेमिश घराणी नेमकी कोणत्या गावांतून आली, हे शोधणे हा बॅरोंचा ध्यास होता, आणि त्यांच्या प्रभावाने एक पिढीभर स्कॉटिश उमरावशाहीचा इतिहास म्हणजे परदेशातून आलेल्यांचा इतिहास असा समज झाला. त्याला उत्तर देणाऱ्यांत सिंथिया नेव्हिल यांचा 2005चा स्ट्रॅथर्न आणि लेनॉक्स या गेलिक अर्लशाह्यांवरचा ग्रंथ महत्त्वाचा. स्ट्रॅथर्नच्या गिल्बर्टचे मूळ नाव गेलिक, घर गेलिक, तरी त्याने सनदेचे लॅटिन हत्यार सहज उचलले. आलेले आणि इथले असे दोन कप्पे करून हा समाज समजत नाही, या नेव्हिल यांच्या म्हणण्याशी मी सहमत आहे. आता ग्लासगो, एडिनबरो आणि लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या अभ्यासकांनी मिळून 1093 नंतरच्या हजारो सनदांतला प्रत्येक माणूस एका खुल्या संगणकीय संग्रहात उतरवला आहे. पूर्वी ज्या साक्षीदाराचा माग काढायला महिने लागत, तो काही क्षणांत समोर येतो. या सोयीने एक नवी चूकही आणली: एकाच नावाचे दोन पुरुष संग्रहात एक झाले असतील, किंवा एकच पुरुष दोन झाला असेल, तर तपासणाऱ्याला ते जाणवतही नाही. मूळ पानाकडे जाण्याची सवय सुटता कामा नये.

आता आक्षेपांकडे. पहिला आणि सर्वांत ठसठशीत आक्षेप असा की सनदाही बनावट असतात. असतात, निःसंशय. तिसऱ्या अलेक्झांडरची नात 1290 साली वारली, गादीला वारस उरला नाही, आणि पहिल्या एडवर्डपुढे डझनाहून अधिक दावेदार उभे राहिले. हॉलंडच्या काउंट फ्लोरेन्सने त्यात एका सनदेचा आधार घेतला, जिच्यानुसार बेलियल आणि ब्रूस या दावेदारांचा पूर्वज अर्ल डेव्हिड याने आपला हक्क पूर्वीच सोडून दिलेला होता. कागद मिळाला तो प्लस्कार्डनच्या मठातून आलेल्या नकलेच्या रूपात, आणि तो बनावट होता असेच आज मानले जाते. पण या बनावटीतून काय शिकायचे? खोटी सनद तिथेच जन्मते जिथे वंशावर गादी किंवा जमीन टांगलेली असते. पेझलीच्या भिक्षूंनी एखादी सनद रचली असेल तर ती कुरणाच्या सीमेसाठी. त्यातल्या नवव्या साक्षीदाराचा बाप कोण हे बदलून त्यांना काही मिळणार नव्हते. म्हणून सनद खरी की खोटी हा एकच प्रश्न विचारून भागत नाही. खोटी असेल तर कोणत्या वाक्यासाठी खोटी, हे पाहावे लागते. वॉल्टरला स्ट्यूअर्डपद वंशपरंपरेने देणारी माल्कमची 1161ची सनद याच कसोटीवर घासून घ्यावी लागते. रेनफ्रू, पेझली, पोलॉक, कॅथकार्ट अशा गावांची यादी, बदल्यात पाच सरदारांची चाकरी. एवढे सगळे घराण्याच्या पुढच्या काळाशी जुळते. पद वंशपरंपरागत करणाऱ्या कलमाचा फायदा मात्र उघडच स्टुअर्टांना, तेव्हा ते मी जास्त सावधपणे वापरले आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: सनदांत बायका, धाकटे मुलगे आणि लहान माणसे जवळजवळ दिसत नाहीत. वॉल्टरची बायको एशिना हिने स्वतःच्या नावाने पेझलीला जमीन दिल्याची सनद आहे, म्हणून ती आपल्याला माहीत आहे. जमीन तिच्यामार्फत आली नसती तर तिचे नावही राहिले नसते. दुसऱ्या पिढीतल्या किती मुली लग्न करून गेल्या आणि कागदाबाहेर गेल्या, कोण सांगणार? याला माझ्याजवळ पूर्ण उत्तर नाही. एवढे म्हणता येते की विधवेचा तिसरा हिस्सा, लेकीला लग्नात दिलेली जमीन, आणि त्यांवरून पुढे उठलेले तंटे, हे पुरुषांच्या सनदांइतक्या बारकाईने वाचले तर हरवलेल्यांपैकी काहीजणी परत येतात. फ्रेझर यांच्या काळात तसे कोणी वाचले नाही. गादीचा 1292चा निकालही शेवटी अर्ल डेव्हिडच्या थोरल्या आणि मधल्या मुलीच्या वंशांतल्या फरकावर लागला, हे विसरू नये.

परंपरेची बाजू घेणारे विचारतात की गेलिक कवींनी पिढ्यानपिढ्या तोंडपाठ ठेवलेल्या वंशावळी तुम्ही फेकून देणार का. तिसरा अलेक्झांडर 1249 साली वयाच्या आठव्या वर्षी स्कूनला गादीवर बसला, तेव्हा एका गेलिक भाटाने त्याची वंशावळ पुराणकाळापर्यंत म्हणून दाखवली, असे वृत्तांत सांगतात. तिच्यातला प्राचीन भाग इतिहास नव्हे, पण राजा कोणाचा वारस म्हणवून घेऊ इच्छित होता याचा तो पहिल्या दर्जाचा पुरावा आहे. त्या खणात ती ठेवावी. जनुकशास्त्राचे मात्र उलट आहे. त्यात हेतू शून्य, म्हणून माझ्याच तर्काने ते सनदेहूनही भरवशाचे ठरायला हवे. बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र दोन आजच्या पुरुषांचा पूर्वज एक होता हे सांगू शकते. त्या पूर्वजाचे नाव, गाव आणि शतक मात्र ते सांगत नाही. तिथे पुन्हा कागदच लागतो, आणि चाचणीच्या अहवालावर ज्या वंशवृक्षाचा आधार दिलेला असतो तो बरेचदा 'रॅगमन रोल'मधल्या, म्हणजे 1296च्या निष्ठेच्या शपथांच्या यादीतल्या, एखाद्या नावाला लोंबकळत असतो. गावाचे नाव जुळले म्हणून वंश जुळत नाही.

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. मुंबईतल्या एका महाविद्यालयाला ज्याचे नाव आहे तो माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचा मुलगा, आणि त्या घराण्याचा सनदांसह दोन खंडांचा ग्रंथ विल्यम फ्रेझर यांनीच 1897 साली प्रसिद्ध केला. मराठ्यांचा इतिहास 1826 साली छापणारा ग्रँट डफ हाही स्कॉट, बॅन्फचा. राजवाड्यांनी बखरींवर विसंबण्याविरुद्ध जो आग्रह धरला, तो वाचलेल्यांना इथली भांडणे ओळखीची वाटतील. वतनाच्या तंट्यात दाखल केलेला करीना आणि सहज दिलेल्या इनामाची सनद यांचे वजन सारखे नसते, हे आपल्याकडच्या अभ्यासकांना वेगळे सांगावे लागत नाही.

या पुस्तकाने काय करायचे ठरवले आहे, ते थोडक्यात. वॉल्टरपासून दुसऱ्या रॉबर्टपर्यंतच्या स्टुअर्टांची वंशावळ सनदांच्या आधारे पुन्हा उभी करणे, आणि प्रत्येक नात्यामागे कोणता कागद आहे हे वाचकाला दाखवणे. वंशवृक्षात अखंड रेघ आहे तिथे एखादा समकालीन कागद ते नाते शब्दांत सांगतो; तुटक रेघ आहे तिथे ते अनुमान आहे, आणि अनुमानाची कारणे शेजारी दिली आहेत. लॅटिनमधला एक शब्द भाऊ-बहिणीचा मुलगा आणि नातू दोघांसाठी येतो, तिथे निवड केलेली नाही. जिथे पूर्वीच्या ग्रंथांनी सलग पिढ्या दिल्या आहेत पण कागद नाही, तिथे जागा रिकामी सोडली आहे. शोभेसाठी ती भरली जावी अशी काही वाचकांची अपेक्षा असेल. त्यांनी 1764चे रॉबर्ट डग्लस यांचे पीअरेज उघडावे, तिथे फारशी रिकामी जागा नाही. धाकट्या शाखांपैकी 1298 साली फॉलकर्कच्या लढाईत पडलेल्या बंकलच्या जॉन स्टुअर्टच्या शाखेला अधिक जागा दिली आहे, कारण डार्नलीचे स्टुअर्ट तिच्यातून आले आणि सहाव्या जेम्सचा बाप त्यांच्यातला.

पुस्तक 1373शी थांबते, आणि तेही याच युक्तिवादामुळे. दुसऱ्या रॉबर्टला 26 मार्च 1371 रोजी राज्याभिषेक झाला आणि दुसऱ्याच दिवशी थोरल्या मुलाला वारस जाहीर करण्यात आले. दोन वर्षांनी पार्लमेंटने गादीचा क्रमच कायद्यात घातला: आधी कॅरिकचा अर्ल जॉन, मग फाइफचा रॉबर्ट, मग बॅडनॉखचा अलेक्झांडर, हे तिघे एलिझाबेथचे, त्यानंतर युफीमियाचे डेव्हिड आणि वॉल्टर. यातला शेवटचा वॉल्टर पुढे अथॉलचा अर्ल झाला आणि पहिल्या जेम्सच्या खुनाबद्दल 1437 साली फासावर नव्हे, अत्यंत हालहाल करून मारला गेला. इथून पुढे स्टुअर्टांची प्रत्येक मुद्रांकित ओळ आपण वंशाबद्दल बोलतो आहोत हे जाणून बोलते. त्या कागदांना निराळ्या रीतीने तपासावे लागते, आणि ते काम या खंडात घेतलेले नाही.